पाव सेकंदाचं थांबणं

येलहंक्याच्या जुन्या वस्तीत महेंद्रकरांचं घर कुठलं असं विचारलं तर फारसं कुणी सांगू शकणार नाही. पण 'टेलर गुंडूरावांचं घर' म्हटलं की लोक दारापर्यंत आणून सोडतील. गुंडूरावांनी आयुष्यभर हवाई दलाच्या तळावरच्या लोकांचे गणवेश शिवले. दुकान आता बंद झालं, नाव तेवढं राहिलं. रूपश्री ही त्यांची थोरली मुलगी. लग्नानंतरही ती दोन गल्ल्या सोडून तिथंच राहिली, कारण नवरा मोहनकुमार त्याच भागातल्या शाळेत शिकवायचा. ऑफिसातून येताना आईच्या हातची कॉफी घेतल्याशिवाय तिचा दिवस संपत नसे.

ती चिप बनवणाऱ्या कंपनीत लागली तेव्हा तिच्या आईनं, इंदिराबाईंनी, कौतुकानं शेजारच्या अक्कांना सांगितलं, "आमची रूपा ड्रायव्हर लिहिते." अक्कांना त्यातलं 'ड्रायव्हर' तेवढं समजलं. मग गल्लीत जो तो विचारू लागला, मुलगी कार चालवते की टेंपो? शेवटी रूपश्रीनं आईला समोर बसवलं.

"आई, चिप म्हणजे नुसतं यंत्र. त्याच्याकडून काम करून घ्यायला एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. यात गाडी नाही, गिअर नाही."

"सरी, बरं. मग तू कुठल्या यंत्राकडून काम करून घेतेस?"

रूपश्रीनं मोबाइल उलटा करून चार्जिंगची खाच दाखवली. "ही बघ, यूएसबी. फोन कॉम्प्युटरला जोडला की कॉम्प्युटर सांगणारा, फोन ऐकणारा. पण ह्याच खाचेत पेन ड्राइव्ह लावला तर फोन सांगणारा होतो आणि पेन ड्राइव्ह ऐकणारा. आमच्यात सांगणाऱ्याला होस्ट म्हणतात, ऐकणाऱ्याला डिव्हाइस. कधी कुठली भूमिका घ्यायची ते ओळखून वेळेवर बदल करायचा. त्याचा प्रोग्राम मी लिहिते."

इंदिराबाईंनी स्वल्प विचार केला. "म्हणजे सुनेचंच काम की गं. सासूपुढं ऐकायचं, पोरांपुढं ऐकवायचं."

रूपश्री हसत सुटली. पुढं कितीतरी वर्षं ऑफिसात नवीन आलेल्यांना ती हेच उदाहरण द्यायची.

हे काम ती शिकली जयतीर्थांच्या हाताखाली. जयतीर्थ म्हणजे कंपनीतलं जुनं खोड. कपाळावर गंधाची उभी रेघ, खिशात दोन पेनं, आणि बोलणं असं की प्रश्न विचारणाऱ्याला आपलाच प्रश्न खुळचट वाटावा. कंपनीच्या पहिल्या दुहेरी भूमिकेच्या यूएसबी चिपचा ड्रायव्हर त्यांनी एकट्यानं लिहिला होता. रूपश्री त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायची, 'सर' म्हणायची, आणि त्यांच्या एकेका ओळीत काय काय दडलंय ते बघून मनातल्या मनात हात जोडायची. त्यांनीही तिला हातचं राखून काही शिकवलं नाही. फक्त एक खोड होती. ते कोडमध्ये कुठंही खुलासा लिहीत नसत. "ज्याला कळायचं त्याला कळेल," म्हणत.

पुढं कंपनीनं दुसरी चिप काढली, मग तिसरी. यूएसबीचा मूळ भाग तिन्हींत एकच, आजूबाजूचा संसार तेवढा वेगळा. कामाची घाई होती. दुसऱ्या टीमनं जयतीर्थांचा ड्रायव्हर उचलला, नाव बदललं, हवं तिथं खोडलं, हवं तिथं जोडलं. तिसऱ्या टीमनं दुसऱ्याचा उचलला. काही वर्षांत परिस्थिती अशी झाली की पहिल्या चिपमध्ये दुरुस्त झालेला दोष दुसरीत तसाच असायचा आणि तिसरीत तोच दोष कुणीतरी नव्यानं शोधून काढून टाळ्या घ्यायचा. एकदा एकाच दोषावर तीन माणसं तीन मजल्यांवर डोकं फोडत बसली होती आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी प्रमुख प्रदीपकुमार यांनी रूपश्रीला बोलावलं.

"तीन ड्रायव्हर मोडून एक सामायिक कोड कर. तिघांनी तोच वापरायचा. तू जयतीर्थांची शिष्या आहेस, तुझं ते ऐकतील."

हे शेवटचं वाक्य किती चुकीचं आहे ते तिला पहिल्याच बैठकीत समजलं. तिनं कागदावर काढलेला आराखडा जयतीर्थांनी नीट बघितला आणि म्हणाले, "नवीन कशाला? माझा घ्या. बाकीच्या दोघांनी सुधारावं." तिसऱ्या चिपचा सयाजी खासनीस पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आला होता. तो हळूच म्हणाला, "सर, पण माझ्या चिपला भूमिका ओळखायची ती पिनच नाहीये. आमची टाइप-सी खाच. तिथं एक वेगळीच चिप सांगते, आता होस्ट हो, आता डिव्हाइस हो."

"मग ती तुमची अडचण," जयतीर्थ म्हणाले आणि उठून गेले.

सयाजीला रूपश्रीचं कन्नड वळणाचं मराठी ऐकून आधी गंमत वाटायची. ती "स्वल्प थांब, मी येऊन सोडते" म्हणायची, तेव्हा तो विचारायचा, काय सोडता? पण बैठकीनंतर तिनं त्याला कॅन्टीनमध्ये नेलं, डोसा खायला घातला आणि त्याच्या चिपची सगळी कुंडली विचारून घेतली. त्या दिवसापासून तो तिला 'मॅडम' सोडून 'अक्का' म्हणायला लागला.

रूपश्रीनं कामाला हात घातला. तिची पहिली कल्पना मोठी देखणी होती. मधोमध एक कारभारी कोड. भूमिका कधी बदलायची, वीज कधी सोडायची, कधी बंद करायची, सगळं तोच ठरवणार. तिन्ही चिपच्या ड्रायव्हरांनी फक्त तो विचारील त्याची उत्तरं द्यायची. कागदावर हे इतकं सुबक दिसत होतं की प्रदीपकुमारांनी तो आराखडा वरच्या साहेबांना दाखवून शाबासकीसुद्धा मिळवली.

पण कारभाऱ्याला प्रत्येक घरचे रिवाज पाळावे लागत होते. सयाजीच्या चिपला पिन नाही, म्हणून 'पिन नाही' असा एक झेंडा टाकला. दुसऱ्या चिपला झोपेतून उठताना वेळ लागतो, म्हणून दुसरा झेंडा. झेंडा म्हणजे कोडमधली खूण: अमुक चिप असेल तर असं कर, नसेल तर तसं. होता होता कोड म्हणजे जत्रेतली निशाणं झाली. कुठं काय फडकतंय आणि कशासाठी, हे तिलाही थांबून आठवावं लागायचं.

त्यातच तिला जयतीर्थांच्या कोडमधली एक ओळ भेटली. होस्टचा डिव्हाइस होताना, समोरच्याला दिलेली वीज बंद केल्यावर, त्यांचा ड्रायव्हर पाव सेकंद नुसता थांबत असे. का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या टीमनं ती ओळ तशीच ठेवली होती. सयाजीला मात्र ती परवडेना. टाइप-सीच्या नियमांत भूमिका बदलायला मोजका वेळ मिळतो, पाव सेकंद म्हणजे फारच झाला.

रूपश्री जयतीर्थांकडे गेली. "सर, हे थांबणं कशासाठी?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कशासाठी म्हणजे? गरज आहे म्हणून."

"पण कसली गरज?"

"इतकी वर्षं चाललंय ना? मग चालू दे."

तिला राग आला. आपल्या प्रश्नाला त्यांनी कधी असं उडवून लावलं नव्हतं. त्यांना हे काम व्हायलाच नको आहे, असं तिनं मनाशी पक्कं केलं. मग तिनं ऑफिसातल्या, चिप बसवलेल्या सगळ्या सर्किट बोर्डांवर ती ओळ काढून चाचण्या लावल्या. केबल लावली, काढली, पुन्हा लावली. एकही चाचणी नापास झाली नाही. तिनं ओळ पुसली. पुसताना थोडं समाधानही वाटलं, हे तिनं नंतर फक्त नवऱ्याला, मोहनकुमारला सांगितलं.

सामायिक कोड बाहेर पडला. दोन महिने सगळं सुरळीत चाललं आणि मग होसकोट्याहून तक्रार आली.

होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना बस कंडक्टरांची तिकिटाची मशिनं बनवायचा. त्यात पहिली चिप होती. संध्याकाळी मशिन कॉम्प्युटरला जोडलं की दिवसभराचा हिशेब आपोआप वर जायचा. तेव्हा ते डिव्हाइस. दिवसा बसमध्ये पास तपासायला त्यालाच एक छोटा कार्ड रीडर जोडायचा. तेव्हा ते होस्ट. नवीन कोडची पहिली खेप एका खासगी बसवाल्याला चाचणीसाठी दिली होती. तक्रार अशी की रीडर काढला की मशिन अडून बसतं.

रूपश्री सयाजीला घेऊन स्वतः गेली. कारखान्यात जाण्याआधी तिनं बस बघायची ठरवली. सकाळची वेळ, बस खच्चून भरलेली. बाई कंडक्टरनं एका विद्यार्थिनीचा पास तपासला आणि रीडरची वायर काढली. मशिनच्या पडद्यावर अक्षरं आली: 'कॉम्प्युटर जोडला आहे. कृपया थांबा.' कॉम्प्युटर कुठला? मशिन तिच्या गळ्यात लोंबत होतं, दुसरं टोक मोकळं. मागं उभी माणसं तिकिटासाठी हात पुढं करत होती. कंडक्टरनं मशिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, ते जागं होईपर्यंत दोन थांबे गेले आणि चार जण तिकिटाशिवाय उतरून गेले. तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि रूपश्रीकडं बघून कन्नडमध्ये म्हणाली, "रोज असंच. उतरणाऱ्यांना वाटतं मीच मुद्दाम करते. परवा तपासनीस चढला होता, त्यालाही तसंच वाटलं."

ऑफिसातल्या टेबलावर रूपश्रीचा कोड म्हणजे पडद्यावरच्या ओळी होत्या. इथं त्याच ओळींनी एका बाईला चारचौघांत चोर ठरवलं होतं.

कारखान्यात पोचल्यावर तिनं तेच मशिन उघडायला लावलं आणि विजेच्या तारेवर, तिचा दाब पडद्यावर रेघेनं दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. रीडर काढला. चिपनं वीज बंद केल्याची खूण उमटली. पण तारेवरचा दाब झटकन खाली आला नाही; टेकडीच्या उतारासारखा हळूहळू घसरत गेला.

"अक्का, हे काय?" सयाजी पुढं वाकला.

तिनं बोर्डाकडं बोट दाखवलं. खाचेजवळ एक जाडजूड कपॅसिटर होता, ऑफिसच्या बोर्डावर असतो त्याच्या कितीतरी पट मोठा. बसच्या हादऱ्यात वायर हलली तरी रीडर बंद पडू नये म्हणून कारखान्यानं तो मुद्दाम घातला होता. वीज बंद केली तरी त्यात साठलेली वीज तारेवर रेंगाळत होती. तोवर चिप डिव्हाइस झालेली असायची, आणि डिव्हाइसला तारेवर वीज दिसली की ते समजतं, समोर कॉम्प्युटर आला. मशिन आपल्याच उरलेल्या विजेला पाहुणा समजून दार उघडत होतं. मग वीज ओसरायची, पण तोवर वरच्या प्रोग्रामनं तिकिटं बंद करून टाकलेली असायची.

"पाव सेकंद," रूपश्री म्हणाली. "ती वीज उतरायला सरांनी पाव सेकंद ठेवला होता."

तिनं तिथल्या तिथं ती ओळ परत घातली. मशिन शहाण्यासारखं वागू लागलं. संध्याकाळपर्यंत दुरुस्त कोड बसवाल्याकडं गेला, आणि तपासनीसानं दोष मशिनचा होता असं लेखी मागितलं तेही तिनं कंपनीच्या नावानं देऊन टाकलं.

परत येताना सयाजी म्हणाला, "आता एक झेंडा वाढवायचा. 'थांबणारी चिप' आणि 'न थांबणारी चिप'."

रूपश्रीनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "पण थांबणं चिपचं नाहीच आहे रे. तीच चिप आपल्या ऑफिसात थांबल्याशिवाय चालते. थांबणं त्या बोर्डाचं आहे. आपण चुकीच्याच जागी वाटणी केली."

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिनं सगळं सांगितलं. ओळ कुणी काढली, का काढली, त्यामुळं काय झालं. प्रदीपकुमारांनी सुस्कारा सोडला. "झालं ते झालं. झेंडा टाक आणि पुढं चल."

"नाही सर. हा आराखडाच मोडावा लागेल," ती म्हणाली. "तीन वेगळे ड्रायव्हर होते तेव्हा एक चूक एकाच चिपला नडायची. मी मधे कारभारी बसवला. आता त्याची एक चूक तिघांना नडते आणि त्याला तिघांच्याही घरातलं काही नीट माहीत नाही."

वर्षभराचं काम, वरून शाबासकी मिळालेलं, आणि करणारीच म्हणतेय की मोडा. प्रदीपकुमारांचा चेहरा पडला. जयतीर्थ कोपऱ्यात बसले होते. आता ते 'मी सांगत होतो' म्हणणार, याची रूपश्री वाट बघत राहिली. ते पेन खिशाला लावून उठले आणि निघून गेले.

दुपारी ते तिच्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत ते कधी कुणाच्या टेबलाशी गेले नव्हते. लोकांनीच त्यांच्याकडं जायचं असा रिवाज. खुर्ची ओढून बसले, पेनाशी चाळा करत राहिले.

"तू विचारायला आलीस ना, थांबणं कशासाठी म्हणून," ते म्हणाले. "मला आठवत नव्हतं."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"तू गेल्यावर दोन दिवस मी जुनं सगळं उकरत होतो. अशाच कुठल्यातरी बोर्डावर सापडलं असणार. कुठला, कधी, काही आठवेना. माझाच कोड, माझंच अक्षर, आणि मी परक्यासारखा बघतोय. तुला सांगायची लाज वाटली. इतकी वर्षं तुला शिकवलं, आणि आता काय म्हणू, की मलाच ठाऊक नाही?"

तिचा सगळा राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी एक भीती आली; उद्या हेच आपलं होणार. "सर, तेव्हाच 'आठवत नाही' म्हटलं असतंत तर मी ओळ काढली नसती," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं तुम्ही मला तोडून बोलताय."

"तेच तर," जयतीर्थ म्हणाले आणि पहिल्यांदाच थोडं हसले. "चल, कॉफी घेऊ. मग तो कोड काढ. अजून बऱ्याच ओळी असतील तशा."

होत्याच. पुढचे काही आठवडे गुरू आणि शिष्या जुनी चिप आणि धूळ खात पडलेले बोर्ड पुढ्यात घेऊन बसले. एकेक अगम्य ओळ काढायची, तपासायची, बोर्ड बदलून पुन्हा तपासायची. काही ठिकाणी कारण सापडलं की जयतीर्थ लहान मुलासारखे खूश व्हायचे आणि स्वतः खुलासा लिहायचे, मोठे परिच्छेदच्या परिच्छेद. काही ठिकाणी काहीच हाती लागलं नाही. तिथं त्यांनी सरळ लिहिलं, 'कारण सापडलं नाही. काढण्याआधी जुन्या बोर्डांवर तपासा.' आपल्या नावासकट.

दरम्यान रूपश्रीनं नवा आराखडा मांडला. कारभारी रजेवर गेला. त्याच्या जागी छोटी छोटी कामं, हत्यारांच्या पेटीसारखी: चिपचा मूळ भाग चालू करणं, होस्ट सुरू करणं, डिव्हाइस सुरू करणं, एक भूमिका पुरती बंद केल्याशिवाय दुसरी सुरू होऊ न देणं. जे तिन्ही चिपमध्ये खरोखर एकच होतं तेवढंच सामायिक. कधी काय वापरायचं ते प्रत्येक चिपचा ड्रायव्हर स्वतः ठरवणार. आणि थांबण्यासारख्या गोष्टी चिपकडंही नाहीत, सामायिक कोडकडंही नाहीत. त्या बोर्डाच्या वर्णनात, कारण ज्याचा कपॅसिटर त्यालाच माहीत. होसकोट्यानं आपला थांबण्याचा आकडा लिहिला. सयाजीच्या बोर्डांनी शून्य लिहिलं. निम्म्याहून जास्त झेंडे आपोआप गळून पडले.

प्रदीपकुमारांना हा आराखडा पहिल्याइतका देखणा वाटला नाही. "चित्र काढून दाखवता येत नाही गं याचं," त्यांची तक्रार. पण तक्रारी कमी झाल्या तशी तीही कमी झाली.

पुढच्या वर्षी चौथी चिप आली. तिची टीम आनेकलच्या वाटेवरच्या नव्या इमारतीत बसायची. त्यांनी रूपश्रीची जवळजवळ सगळी हत्यारं घेतली, पण भूमिका बदलण्याचा भाग मात्र घेतला नाही, स्वतःचाच लिहिला. ते वाचून तिला झोंबलंच. जुनी सवय उफाळून आली. लगेच फोन करून विचारावं, आमच्यात काय वाईट आहे? तिनं फोन हातात घेतला, मग खाली ठेवला, आणि आधी त्यांचा कोड वाचायला बसली.

त्यांच्या चिपमध्ये एकाच वेळी दोन खाचा होत्या, आणि एकीची भूमिका बदलताना दुसरीला सांभाळावं लागत होतं. तिच्या हत्यारात ते बसत नव्हतं. ओढूनताणून बसवलं असतं तर पुन्हा झेंडे आले असते. पोरांनी केलेलं काम नीट होतं, आणि प्रत्येक थांबण्याखाली कारण लिहिलेलं होतं.

आता तिनं फोन लावला. पलीकडं पवित्रा नावाची त्या टीमची प्रमुख होती. तिचा आवाज जरा सावध झाला. "मॅडम, आम्ही तुमचा तो भाग वापरला नाही, म्हणून..."

"बरोबर केलंत," रूपश्री म्हणाली. "तो तुमच्यासाठी नव्हताच. एकच विचारायचं होतं. दुसऱ्या खाचेला तुम्ही नेमकं केव्हा थांबवता? मला ते समजलं नाही."

मग पवित्रा सांगत राहिली आणि रूपश्री ऐकत राहिली, मधे मधे "हां, सरी, पुढं?" म्हणत.